सोबती एक

बाळाराम भोईरच्या पासावर नाव, गाव, वय आणि 'अपंगत्वाचा प्रकार : पूर्ण अंध' यांच्या खाली एक ओळ छापलेली होती : 'सोबती : एक'. बाळारामला एस.टी.च्या लाल गाडीत तिकीट नाही आणि त्याच्या सोबत्याला अर्धं, असा त्या ओळीचा अर्थ. जन्मात एक अक्षर न वाचलेला हा माणूस त्या दोन शब्दांचा असा कीस पाडायचा, की आमच्या कचेरीतल्या हेडक्लार्कनंही हात टेकावेत. "एक सोबती म्हनलंय ना? कोन ते लिवलंय का? नाय. मंग मी म्हनंन तो सोबती."

आंधळ्याला हाताला धरून न्यायला कुणीतरी लागतं, म्हणून ती सवलत. बाळारामला कुणीच लागत नसे. चौथ्या वर्षी देवी आल्या आणि डोळे घेऊन गेल्या. तेव्हापासून पन्नाशीपर्यंत तो एकटाच हिंडत होता. बदलापूरच्या पलीकडे, बारवीच्या रस्त्यावर त्याचं गाव. तिथून उल्हासनगरपर्यंतची वाट त्याला पाठ होती. गाडी कुठे कलते, चढाला गिअर कुठे बदलतो, केमिकलचा वास कुठे नाकात जातो, यावरून तो स्टॉप ओळखायचा आणि कंडक्टर नवा असला तर त्यालाच सांगायचा, "मास्तर, घंटी द्या, शिवमंदिराचा फाटा आला."

मी तेव्हा अंबरनाथच्या एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होते. ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. कचेरीत सगळ्या खुर्च्या वेताच्या, आणि त्या विणायला बाळाराम वर्षातून दोनदा यायचा. एरवी त्याचं काम उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात, सिंधी दुकानदारांकडे. आमच्याकडे आला की व्हरांड्यात बसायचा, बादलीत वेताच्या पट्ट्या भिजत टाकायचा आणि खुर्ची पुढ्यात आडवी घ्यायचा. जुनी वीण कापण्याआधी तिच्यावरून तळहात फिरवायचा आणि खुर्चीच्या मालकाविषयी दोन शब्द बोलायचा. "साहेब डाव्या अंगाला रेलत्यात. कमरेचं दुखनं हाय का?" होतं. माझ्या खुर्चीवरून हात फिरवून म्हणाला, "ह्या बाई टेकून बसत नाय. कवा उठंन आन् कवा जाईन, असं बसत्यात." सगळे हसले. मला राग आला, कारण ते खरं होतं. पुढचे आठ दिवस मी मुद्दाम टेकून बसले आणि पाठ धरली.

समोर मी त्याला बाळारामदादा म्हणत असे आणि अहो-जाहो करत असे. लिहिताना मात्र 'तो'च येतो, त्याला माझा इलाज नाही.

मी राहायला बदलापूरला. बारवीकडून येणारी सकाळची गाडी बदलापुरात थांबायची, ती मी पकडायची. त्या गाडीत मला बाळारामचा दुसरा उद्योग कळला. त्याच्या शेजारच्या जागेवर कुणीतरी बसलेलं असायचंच, आणि दर खेपेला वेगळं. कधी वाडीवरची म्हातारी, कधी तान्हं पोर घेऊन दवाखान्यात निघालेली बाई. एकदा तर पाय प्लॅस्टरमध्ये असलेला एक दांडगा रेतीवाला होता, आणि त्याला बाळारामनंच खांदा देऊन गाडीत चढवलं होतं. कंडक्टर आला की बाळाराम पास पुढे करायचा आणि म्हणायचा, "मी आन् सोबती."

मी नियमाची पक्की. बिलात एक स्वल्पविराम चुकला तरी कागद काढून पुन्हा टाइप करणारी. मला हे अजिबात पटलं नाही, आणि मी त्याला तसं सांगितलंही. म्हटलं, "ही फसवणूक आहे, बाळारामदादा."

"कुनाची? सोबत्याचं काम मी घेतो ना त्यांच्याकडनं."

आणि घ्यायचाही. शेजारी बसणाऱ्यानं खिडकीबाहेर काय दिसतं ते उतरेपर्यंत सांगत राहायचं, हा त्याचा दंडक. डुलकी काढली तर पुन्हा कधी सोबती नाही. म्हाताऱ्या आधी लाजायच्या. "काय सांगू रं बाबा, झाडं हायेत." मग बाळाराम खोदायचा. कंचं झाड? शेंगा धरल्यात का? त्याच्याखाली कोन बसलंय? हळूहळू म्हातारीची जीभ सुटायची आणि कुणाच्या घरावर नवी कौलं चढली, कुणाची लावणी अजून राहिलीय, कारखान्याच्या भिंतीवर कसली नवी जाहिरात रंगवलीय, सगळं येत जायचं. बाळाराम मान हलवत ऐकायचा आणि मध्येच अडवायचा, "परवाची बाई तं भिंत पिवळी म्हनत व्हती." डोळे असलेल्या आम्हा प्रवाशांना त्या रस्त्यावर काय बदललं ते बाळारामच्या तोंडून कळायचं.

एकदा दुसरीकडे जागा नव्हती म्हणून मी त्याच्या शेजारी बसले. तिकीट माझं मी पूर्ण काढलं, हे सांगायला नकोच. तो म्हणाला, "सांगा बाई." मी सांगू लागले. दुकानं आहेत. घरं आहेत. एक भिंत आहे. थोडा वेळ त्यानं ऐकून घेतलं आणि मग म्हणाला, "बाई, टाइप करताय का?"

सोबती निवडण्याचेही त्याचे कायदे होते. दवाखान्यात जाणारा पहिला. बाजारहाटाला निघालेला कधी नाही, लग्नाला निघालेला तर नाहीच नाही. आणि घरचं माणूस नाही. तो ज्या वहिनीच्या हातचं जेवायचा ती भाजीची पाटी घेऊन याच गाडीनं उल्हासनगरला जायची. तीसुद्धा पूर्ण तिकीट काढून मागच्या बाकावर बसायची आणि त्याला ऐकू जाईल अशा बेतानं पुटपुटत राहायची.

मधूनमधून तपासनीस चढायचा. एकानं आठवड्यात तीनदा बाळारामला तीन वेगवेगळ्या बायांबरोबर पाहिलं आणि तो चिडला. म्हणाला, "ओ, सोमवारी तुमची सोबती वेगळी होती."

"व्हती की."

"आणि कालची वेगळी."

"सायेब, बायको एक असावी हे मना ठाव हाय. सोबती रोज तोच असावा असं पासावर कुठं लिवलंय ते दावा. म्हंजे कुनाकडनं तरी वाचून घेतो."

गाडी हसली. तपासनीसानं पास उलटून पालटून पाहिला. तसं खरंच कुठे लिहिलेलं नव्हतं.

पासासाठी दर तीन वर्षांनी डॉक्टरांचा नवा दाखला लागे. बाळारामचे डोळे मधल्या काळात परत आले नाहीत ना, हे पाहण्यासाठी. त्याला याचा राग नसायचा, उलट तो दिवस तो साजरा केल्यासारखा करायचा, धुतलेला सदरा घालून जायचा. डॉक्टरांनी विचारलं, "काही दिसतं का?" तर म्हणाला, "अजून नाय. दिसलं का पयलं तुमालाच कळवीन." डॉक्टरही कामात होते. त्यांनी मान न उचलता सही केली.

पासाचे अर्ज आमच्याच कचेरीतून पुढे जायचे. मग एका वर्षी वरून पासाचा नवा नमुना आला. त्यात 'सोबती : एक' च्या पुढे तीन रकाने होते. सोबत्याचे नाव. धारकाशी नाते. धारक व सोबती यांचा एकत्रित फोटो. नाव वर्षातून एकदाच बदलता येईल, अशी खाली टीप.

बाळाराम तो कागद घेऊन जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे आला. मी वाचून दाखवला.

"म्हंजे एकच मानूस?"

"एकच."

"आन् बाकीच्यांनी?"

नमुना मी पुन्हा खालपर्यंत पाहिला. तसा रकानाच नव्हता. खरं तर नियमानं माझंच म्हणणं खरं ठरलं होतं, पण मला मुळीच आनंद झाला नाही. तो कागदाची घडी करून घेऊन गेला आणि पंधरा दिवसांनी आला. म्हणाला, "लिवा. हिरा."

हिराला मी गाडीत पाहिलं होतं. बारवीकडच्या एका वाडीवरची, पस्तिशीची विधवा. तिला टीबी होता. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, उल्हासनगरच्या सरकारी दवाखान्यात सुई घ्यायची. वर्षभर तरी सुया चालतील आणि मध्ये सोडल्या तर दुखणं पुन्हा उलटेल, मग औषधही लागू पडायचं नाही, असं डॉक्टरांनी तिला बजावलं होतं. रोजावर जाणारी बाई, आणि आजारानं रोजही बंद. पूर्ण भाडं तिला झेपणारं नव्हतं. गाडीत ती तोंडाला पदर लावून बसायची आणि तिला खोकला आला की पुढचेमागचे उठून दुसरीकडे जायचे. बाळाराम तेवढा शेजारी. हिरा कमी बोलायची पण नेमकं बोलायची. एकदा मी मागच्या बाकावरून ऐकलं. "म्हस बसलीय पान्यात. तिच्या पाठीवर बगला हाय. बगल्याला घाई नाय." बाळाराम स्वतःशीच हसला आणि बराच वेळ त्यानं पुढचं काही विचारलं नाही.

मी टाइपरायटरमध्ये अर्ज चढवला, पण कळा दाबल्या नाहीत. "बाळारामदादा, विचार करा. लोक बोलतील."

"बोलनारच. नाय बोलले तं तिला सुई मिळनार हाय का?"

"नातं काय लिहू?"

"सोबती."

"ते नातं नाही होत. भाऊ, बहीण, पत्नी, असं काहीतरी लागतं."

"माजं तिचं जे हाय तेच लिवा की बाई. सोबती."

मी 'धारकाशी नाते' या रकान्यात 'सोबती' असं टाइप केलं. नोकरीत मी जाणूनबुजून केलेली ही पहिली चूक. अर्ज कुणी परत केला नाही. कुणी वाचला होता की नाही कोण जाणे.

फोटोला मी त्यांच्याबरोबर उल्हासनगरला गेले. मला कापड घ्यायचं होतं, हे निमित्त. स्टुडिओवाला सिंधी, गडबडीतला माणूस. मागे निळ्या तळ्याचा पडदा. त्यानं बाळारामला खुर्चीत बसवलं, हिराला शेजारी उभं केलं आणि दोघांच्या मध्ये हातभर अंतर पाहून वैतागला. "भाभीजी, साईं के बाजू में आओ. और थोडा. हाथ कुर्सी पे रखो. अरे साईं, हसो ना, शादी का फोटो है, कोर्ट का थोडी है."

मी तोंड उघडलं. बाळाराम म्हणाला, "असू द्या बाई. त्याच्याबी पोटाचा धंदा हाय." हिरानं डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि खुर्चीच्या पाठीवर बोटं टेकवली. फोटो आला तो सरळसरळ नवराबायकोचा. पासावर चिकटवला, त्याच्यावर गोल शिक्का अर्धा फोटोवर आणि अर्धा कागदावर असा उमटवला, आणि काम झालं.

त्या फोटोनं जे व्हायचं ते झालं. पास कंडक्टरच्या हातात जायच्या आत तीन जणांच्या नजरेखालून जायचा. वहिनीनं गावभर केलं की लग्नाचा फोटो निघाला आणि घरच्यांना अक्षतासुद्धा नाहीत. ती बाळारामचं ताट उंबऱ्यावर ठेवू लागली. तिकडे वाडीत हिराच्या सासरच्यांनी तिला घराबाहेर पडायची बंदी केली. एका शुक्रवारी हिरा गाडीत नव्हती. पुढच्या मंगळवारीही नव्हती. बाळारामच्या शेजारची जागा रिकामी, आणि नव्या नियमानं तिथे दुसऱ्या कुणाला तो बसवू शकत नव्हता.

पुढची हकीकत मला हिरानं सांगितली. बुधवारी बाळाराम उलट्या दिशेची गाडी धरून वाडीच्या फाट्यावर उतरला. तिथून वर टेकाडावर पायवाट. ती वाट त्यानं कधी चाललेली नव्हती. काठीनं चाचपत, हाका मारत तो वर आला तेव्हा एक गुडघा फुटलेला होता. हिराच्या अंगणात तो बसला. माणसं जमली. पाणी कुणी दिलं नाही, त्यानंही मागितलं नाही. म्हणाला, "हिरा, तुजं नाव माज्या पासावर हाय. तुज्या सुया सरल्या का मी ते काढनार. ह्या सगल्यांच्या म्होरं सांगतो. तवर गाडीत बसायचं. परवा शुक्रवार हाय." एवढंच बोलला, उठला आणि खाली जायची वाट विचारू लागला. तेव्हा हिराचा सासराच त्याला हाताला धरून फाट्यापर्यंत सोडायला गेला.

शुक्रवारी हिरा गाडीत होती. नंतर वर्षभर तिची एकही सुई चुकली नाही. पावसात बारवीचा रस्ता बंद पडला तेव्हा दोघं मैलभर चालत अलीकडच्या थांब्याला आले होते, हेही मला माहीत आहे. हळूहळू तिचा खोकला गेला, पदर तोंडावरून खाली आला, गालांवर मांस दिसू लागलं. लोक उठून जाईनासे झाले. शेवटी डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं की आता औषध नको.

त्यानंतरच्या मंगळवारी मी गाडीत होते. उल्हासनगरला पापडाच्या कारखान्यात हिराला काम मिळालं होतं. कंडक्टर आला. बाळारामनं सवयीनं पास पुढे केला, "मी आन् सोबती." हिरा म्हणाली, "एक पूर्ण द्या."

कंडक्टर म्हणाला, "अगं, तुझं नाव आहे ना यावर. अर्धंच लागतं."

"आता मी बरी हाय."

तिनं पूर्ण तिकीट घेतलं, त्याच्याच शेजारी बसून राहिली आणि बाहेरचं सांगू लागली. हे पुढे रोज चालू झालं. मी काय समजायचं ते समजले. आमची सगळी कचेरीच समजली. हेडक्लार्क तर म्हणाले, बाळारामला आहेर काय द्यायचा ते ठरवून ठेवा. मला फार बरं वाटत होतं. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत इतकं बरं वाटल्याचं मला आठवत नाही.

त्याच वर्षी कचेरीत फोमच्या खुर्च्या आल्या आणि वेताच्या जुन्या खुर्च्या लिलावात गेल्या. बाळारामला कुणी कळवलं नव्हतं. तो आला तेव्हा मला वाटलं, विणायला आला. आता कसं सांगावं या विचारात मी होते, तर त्यानं पास आणि कोरा अर्ज माझ्या टेबलावर ठेवला. "वरीस झालं. हिराचं नाव काढा." नवं नाव एका म्हातारीचं होतं. साखरेच्या दुखण्यानं तिचा पाय चिघळला होता आणि दिवसाआड पट्टी बदलायला तिला उल्हासनगरला जावं लागे.

मी चिडले. खरोखर चिडले. "हिराला विचारलंत का?"

"तिला काय इचारायचं? ती बरी झाली."

"म्हणूनच म्हणते. आता तुम्ही दोघं..."

"बाई, वाडीत सगल्यांच्या म्होरं बोललोय."

"ते तिनं सुया घ्याव्यात म्हणून बोललात."

"म्हनूनच काढायचं. नाय काढलं तं लोक म्हनतील, सुईचं नुसतं निमित्त व्हतं. तिला त्याच वाडीत ऱ्हायाचंय."

मी म्हातारीचं नाव टाइप केलं. नात्याच्या रकान्यात न विचारता 'सोबती' लिहिलं. त्याचा अंगठा घेतला आणि जुना पास अर्जाला टाचू लागले. बाळाराम टाचणीचा आवाज ऐकत होता.

"जुना पास माघारी मिलतो का?"

"नाही. जमा होतो."

"फोटोसकट?"

"फोटोसकट."

तो उठला नाही. काठीची मूठ चोळत बसला. मग खाली मान घालून म्हणाला, "तेवढा सोडवून देता का?"

तुम्हाला काय करायचाय फोटो, हे वाक्य माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. ते बाहेर पडलं नाही, याचं मला आजही बरं वाटतं. फोटो काढून घेतलेला पास जमा करून घेणार नाहीत, घेतला तर खुलासा मागतील, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी टपालाची तिकिटं भिजवायचा स्पंज घेतला, फोटोच्या कडेनं फिरवला, गोंद मऊ होऊ दिला आणि ब्लेडनं अलगद फोटो सोडवला. गोल शिक्क्याचा अर्धा भाग हिराच्या खांद्यावर तसाच राहिला. रुमालानं टिपून मी फोटो बाळारामच्या तळहातावर ठेवला.

त्यानं अंगठ्यानं आधी गुळगुळीत बाजू पाहिली, मग पाठीमागची खरखरीत. सदऱ्याच्या खिशाचं बटण काढलं. फोटो खिशाशी नेला आणि थांबला.

"बाई, वरची बाजू कंची?"

मी फोटो त्याच्या बोटांत फिरवून सरळ करून दिला. त्यानं तो तसाच, जराही हलू न देता, खिशात ठेवला आणि बटण लावलं.